दूध के दाताँ हैं, गिर जाते!

ईदच्या दुसऱ्या दिवशी धाकटी बहीण माहेरी येते. यंदाही आली. अम्मीने शीरखुर्मा पुन्हा गरम केला, वाट्या भरल्या. एरवी दोन वाट्या संपवून तिसरी मागणारा माझा साडेपाच वर्षांचा भाचा वाटी पुढ्यात घेऊन नुसता बसून राहिला. मी विचारलं तर गालावर हात ठेवून म्हणाला, "मामू, दाढ दुखरी."

गाल सुजला होता. बहिणीने सांगितलं, पोरगा तीन रात्री झोपलेला नाही. चाँदरातीलाही रडतच होता. अम्मीने लवंग ठेचून कापसात गुंडाळून दाढेत ठेवली. भेटायला आलेल्या शेजारच्या खाला मात्र शांत होत्या. म्हणाल्या, "दूध के दाताँ हैं, गिर जाते. क्या फिकर करते?"

आम्ही फिकीर केली नाही. दोन दिवस दुखणं थांबवायचं औषध पाजत राहिलो. तिसऱ्या दिवशी हिरडीवर पुवाचा फोड आला, अंगात ताप भरला, तेव्हा दवाखाना गाठला. दोन दाढा काढाव्या लागल्या. आणखी तीन दात किडलेले निघाले. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बहिणीला सुनावलं, "आईने लक्ष द्यायला नको का?" ती मान खाली घालून उभी राहिली.

मी तिच्या शेजारीच उभा होतो आणि गप्प होतो. गेली तीन वर्षं मी तिच्या घरी गेलो की हा पोरगा सलाम करण्याआधी माझा खिसा चाचपायचा. खिशात टॉफ्या असायच्याच. मामूचा लाड! त्या दोन दाढांमध्ये माझाही वाटा होता, पण ऐकून घेतलं बहिणीने. हा लेख त्या गप्प बसण्याची भरपाई आहे असं समजा.

आधी खालांच्या वाक्याबद्दल. ते वाक्य मराठीत, दखनीत, उर्दूत, प्रत्येक घरात ऐकू येतं. दुधाचे दात पडतात हे खरंच आहे. पण कधी पडतात? पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेवर मुलाला अजून सहा-सात वर्षं जेवायचं असतं. एवढी वर्षं ठणकणारी दाढ तोंडात ठेवून तुम्ही-आम्ही कामावर जाऊ शकू का? मग मुलाने शाळेत मन लावून बसावं, पोटभर जेवावं, रात्री शांत झोपावं ही अपेक्षा कशी करायची?

दुधाचा दात आणखी एक काम करतो. तो खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखून ठेवतो. दाढ वेळेआधी काढावी लागली की शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत झुकतात आणि नवा दात वेडावाकडा येतो. मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही इजा पोहोचू शकते.

आणि एक गोष्ट फारच थोड्या आईवडिलांना माहीत असते. मलाही ती डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीत नव्हती. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ उगवते. ती येताना कुठलाही दात पडत नाही. त्यामुळे घरात कोणाला पत्ताच लागत नाही. वर दोन, खाली दोन, अशा चार दाढा येतात. घरचे त्यांनाही दुधाच्या दाढा समजतात. त्या असतात आयुष्यभराच्या. पंधराव्या-सोळाव्या वर्षी आपल्या पोरांच्या ज्या दाढा काढल्या जातात, त्यात बऱ्याचदा ह्याच असतात. 'गिर जाते' म्हणत आपण त्या हातच्या घालवतो.

आपली भाषाही थोडी फसवते. आपण म्हणतो, दाताला कीड लागली. त्यामुळे खरोखरच एखादा किडा दात पोखरतो असं लोकांना वाटतं. पूर्वी गल्लीत 'दाताची कीड काढणाऱ्या' बायका यायच्या. औषध लावून, हातचलाखी करून कापसावर पांढरी अळी काढून दाखवायच्या आणि पैसे घेऊन जायच्या. अशी कुठलीही अळी दातात नसते. आपल्या सगळ्यांच्या तोंडात सूक्ष्म जंतू असतात. ते दातांवर चिकट थर करून बसतात. आपण गोड किंवा पिठूळ खाल्लं की ते त्यातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लात दातावरच्या कठीण आवरणातली खनिजं विरघळतात. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि गेलेली खनिजं हळूहळू परत आणून बसवते. फ्लोराइड असेल तर हे काम अधिक चांगलं होतं.

म्हणजे दातावर दिवसभर मोडतोड आणि डागडुजी अशी दोन्ही कामं चालू असतात. डागडुजीला वेळ मिळाला तर दात टिकतो. सकाळी चहात बुडवून बिस्कीट, दहा वाजता पाच रुपयांचा पुडा, दुपारी गोळी, संध्याकाळी टोस्ट, रात्री साखरेचं दूध, असा रतीब चालू राहिला तर लाळेला उसंतच मिळत नाही. रात्री झोपेत लाळ अगदी कमी सुटते, म्हणून झोपण्यापूर्वीचं गोड सगळ्यात घातक.

हे ज्ञान कुठून आलं याची कहाणी कळली तेव्हा मला माझ्या खिशातल्या टॉफ्या आठवल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस स्वीडनमध्ये दात किडण्याचं प्रमाण प्रचंड होतं. साखरेचा आणि किडीचा नेमका संबंध शोधायचा होता. लुंड शहरातल्या व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत मतिमंद ठरवलेल्या माणसांना ठेवलेलं असे. त्यांच्यावर प्रयोग झाले. काहींना साखर जेवणाबरोबर दिली, काहींना गोड पाव दिला, काहींना दोन जेवणांच्या मधल्या वेळेत मुद्दाम बनवलेल्या चिकट टॉफ्या दिल्या. दिवसाला आठ, काहींना तर चोवीस. त्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्यांना नकार देता आला नसता. त्यांचे दात अक्षरशः उद्ध्वस्त झाले. आज हा प्रयोग वैद्यकीय इतिहासातली लाजिरवाणी गोष्ट मानला जातो.

पण त्यातून जे कळलं ते पक्कं ठरलं. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली, हे जास्त महत्त्वाचं. जेवणाबरोबर खाल्लेल्या गोडाने फारसं बिघडलं नाही. मधल्या वेळच्या चिकट टॉफीने वाट लावली. पुढे स्वीडनमध्ये मुलांसाठी साधा सल्ला दिला गेला, गोड खायचं तर आठवड्यातून एकदा, शनिवारी. आजही तिथे अनेक घरांत 'शनिवारचा खाऊ' अशी चाल आहे.

त्या लाचार माणसांच्या दातांच्या मोलाने मिळालेली ही अक्कल आपण निदान वाया तरी घालवू नये. त्यांना जे प्रयोग म्हणून दिलं गेलं, तेच आपण आपल्या पोरांना लाड म्हणून देतो.

आता आपल्या घराकडे वळू. मूल रडतंय म्हणून साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवायचं. आईच्या दुधाला माझा अजिबात आक्षेप नाही, ते बाळाचा हक्क आहे. प्रश्न रात्रभर तोंडात राहणाऱ्या गोड बाटलीचा आहे. पुढचे वरचे चार दात काळे पडून झिजलेली मुलं तुम्ही मोहल्ल्यात पाहिली असतील, ती बहुतेक ह्या बाटलीची देन. काही घरांत चोखणी मधात बुडवून देतात. मधात शिफा आहे यावर आपला विश्वास आहे. पण दातावरच्या जंतूंना मध म्हणजे साखरच. शिवाय एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये असं डॉक्टर सांगतात, कारण त्यातून क्वचित पण गंभीर आजार होतो.

मग दात साफ करायची वेळ. काही घरांत अजूनही राखुंडी, कोळशाची पूड, वीटकरीचा चुरा चालतो. त्याने दाताचं आवरण घासून निघतं. त्याहून वाईट म्हणजे मशेरी. आजी स्वतः लावते आणि पोराची दाढ दुखली की बोटावर घेऊन त्याच्याही हिरडीला चोळते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. दुखणं बधिर होतं, आणि पोराची तंबाखूशी ओळख पाचव्या वर्षी होते. लवंगेनेही घटकाभर बरं वाटतं, पण कीड जिथल्या तिथे राहते.

मला इथे गरिबांना उपदेश करायचा नाही. हातावर पोट असलेल्या बापाला पाच रुपयांत पोराच्या चेहऱ्यावर हसू आणता येतं, ते त्या चकचकीत पुड्यामुळे. सफरचंद पाच रुपयांत येत नाही. गल्लीच्या तोंडाशी, शाळेच्या फाटकाशी, मशिदीसमोर पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात आणि दातांचा डॉक्टर तालुक्याला असतो. पण हिशेब मांडून पाहा. रोजचे दहा रुपये धरले तर महिन्याचे तीनशे होतात. त्यात मूठभर भाजके शेंगदाणे, फुटाणे, एखादं उकडलेलं अंडं, केळं बसतं. ब्रश आणि पेस्टही बसते. आणि दाढेत सिमेंट भरायची, रूट कॅनल करायची वेळ आली की आठवड्याची मजुरी एका दिवसात जाते.

आता मिसवाकबद्दल. हे मला जरा स्पष्ट बोलायचं आहे.

दातांच्या सफाईवर आपल्या दीनमध्ये जितका भर आहे तितका फार थोड्या ठिकाणी असेल. उम्मतला त्रास होईल ही काळजी नसती तर प्रत्येक नमाजच्या वेळी मिसवाकचा हुकूम दिला असता, अशा अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. घरात पाऊल टाकल्यावर रसूलुल्लाह (स.) आधी मिसवाक करत, असं हजरत आयेशांनी सांगितलं आहे. अखेरच्या आजारपणातही त्यांनी मिसवाक केली, ती हजरत आयेशांनी आपल्या दातांनी मऊ करून दिली होती. मृत्यूच्या उंबरठ्यावरही ज्यांना तोंडाची सफाई सुटली नाही, त्यांची उम्मत आपण.

आणि आपल्याकडे मिसवाक कुठे असते? वडीलधाऱ्यांच्या कुर्त्याच्या खिशात. जुम्म्याला मशिदीबाहेर अत्तर आणि टोप्यांच्या शेजारी. जमातीला जाणाऱ्यांच्या पिशवीत. पोरांच्या तोंडापर्यंत ती पोहोचलीच नाही. सुन्नत खिशात आहे आणि मुलाची दाढ सडते आहे, तर आपण सुन्नतचं नेमकं काय जपलं? ती काडी तर निव्वळ साधन होती, मूळ गोष्ट होती दिवसातून अनेकदा तोंड साफ ठेवण्याची सवय.

मिसवाकचं झाड म्हणजे पीलू. त्याच्या काडीत जंतूंना आवर घालणारे गुण आहेत हे अभ्यासांतून दिसलं आहे. मोठ्या माणसाने नीट वापरली तर ती उत्तम काम करते. पण पाच वर्षांच्या मुलाला ती मागच्या दाढांपर्यंत नेता येत नाही, आणि कीड तर तिथेच लागते. म्हणून मुलांसाठी मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट हवीच. मिसवाक मिळत नसेल तर ब्रशनेही सफाईचा हेतू साधतो असं अनेक उलेमा सांगतात. ज्याला दोन्ही जमेल त्याने दोन्ही करावं. मिसवाक विरुद्ध ब्रश हे भांडण आपणच उभं केलेलं आहे.

पेस्टमध्ये हराम काही असतं अशी शंका मोबाइलवरून अधूनमधून फिरत असते. ज्यांच्या मनात ती आहे त्यांनी खोक्यावरचा हिरवा ठिपका बघून पेस्ट घ्यावी, तशा भरपूर मिळतात. पण शंका आहे म्हणून पोराच्या तोंडाला काहीच न लावणं, हा काही तकवा नव्हे.

डॉक्टरांकडून आणि वाचनातून जे कळलं, ते थोडक्यात सांगतो. पहिला दात दिसला की सफाई सुरू करायची. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नाही. खोक्यावर फ्लोराइडचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते १००० पीपीएमच्या आसपास असावं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे डॉक्टरांना विचारून घ्यावं. ब्रश दिवसातून दोनदा, आणि रात्रीचा चुकवायचाच नाही. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने करून द्यायचा, कारण ज्याला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही त्याला दाढा घासता येत नाहीत. एक वर्ष झालं की बाटली बंद करून पेला. पहिला वाढदिवस येईपर्यंत एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवून आणायचं.

दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसला तर ती किडीची पहिली खूण. त्या टप्प्यावर ती थांबवता येते. पुढे गेलेली कीडही काही वेळा यंत्र न लावता थांबवता येते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं एक द्रव औषध आहे, ते लावल्याने दात त्या जागी काळा पडतो पण कीड थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. नव्या दाढांच्या खाचा बुजवणारा पातळ थरही लावून मिळतो. डॉक्टरांना ह्या दोन्ही गोष्टी विचारा.

पण हे सगळं एकट्या आईच्या गळ्यात घालू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. आपल्याकडे २००२-०३ मधल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांचे दात किडलेले आढळले होते. एवढ्या सगळ्या आया निष्काळजी असतात का? बाप, मामू, चाचा, दादी, दुकानदार, शाळा आणि सरकार, सगळ्यांचा ह्यात हात आहे.

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांत एकदा येणं अपेक्षित आहे. तपासणीच्या यादीत दातांचे आजारही आहेत. तुमच्या शाळेत पथक आलं तर मुलांना तोंड उघडायला लावलं का, हे विचारा. उर्दू शाळेच्या व्यवस्थापन समितीत आपलेच लोक असतात. हा प्रश्न बैठकीत मांडायला पैसे लागत नाहीत. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा मोजक्याच शहरांत आहेत. तालुक्याच्या रुग्णालयात दातांचा डॉक्टर आणि भरण्याचं साहित्य दोन्ही हवं, ही मागणी मोर्च्याच्या निवेदनात कधी दिसत नाही. दिसायला हवी.

आणि मकतब? तिथे मौलानासाहेब रोज मुलांना वुजू शिकवतात. तीनदा कुल्ली करायला लावतात. तिथेच एक प्रश्न जोडला, "रात को ब्रश करके सोए थे?", तर त्याचा असर आमच्यासारख्यांच्या दहा लेखांहून जास्त होईल. मुलं अम्मीचं ऐकत नाहीत, मौलानांचं ऐकतात. रमजानमध्ये तरावीहनंतर आणि सहरी संपवताना ब्रश करायची आठवण मशिदीतून दिली तर काय हरकत आहे? बिस्मिल्लाहच्या कार्यक्रमाला आपण मुलाला कपडे देतो, मिठाई वाटतो. त्यात एक छोटा ब्रशही असू दे.

स्वीडनच्या शनिवारासारखा आपल्याकडे जुम्मा आहे. आमच्या घरात आता ठरलं आहे की टॉफी, मिठाई, जे काय असेल ते जुम्म्याला, दुपारच्या जेवणाबरोबर. बाकीचे सहा दिवस खिसा रिकामा. पहिले दोन आठवडे भाच्याने माझ्याशी अबोला धरला. आता तो वार मोजतो. बहीण म्हणते की रात्री ब्रश करून घेताना तो अजूनही तोंड मिटून धरतो, दोन मिनिटांसाठी दहा मिनिटं जातात. जाऊ देत. दुखणाऱ्या दाढेने तिची रात्र जायची, त्यापेक्षा ही दहा मिनिटं स्वस्त आहेत.

परवा मी मोबाइलच्या उजेडात त्याच्या तोंडात डोकावलो. काढलेल्या दाढांची जागा मोकळी आहे. मागे मात्र हिरडीतून एक पांढरं टोक वर आलंय. खाला शेजारीच बसल्या होत्या. त्यांना मी ते दाखवलं आणि म्हणालो, "खाला, ये दूध का नईं. ये गिर गया तो फिर नईं आता."

त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. मग विचारलं, "हमारी पोती की बी देखता क्या?"